बुडापेस्टमध्ये रेतेश शिकायचं असेल तर

आपल्याकडून हंगेरीला जाणारे बहुतेक प्रवासी बुडापेस्टला दोनच दिवस देतात. डॅन्यूबमधली बोट, संसदेची इमारत, गरम पाण्याची स्नानगृहं, आणि मग पुढे व्हिएन्ना नाहीतर प्राग. त्या दोन दिवसांतले चार तास काढून एखाद्या स्वयंपाकघरात रेतेश करायला शिका, असं मी जाणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते. मी स्वतः दोनदा शिकले. पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी आणि दुसऱ्यांदा बरोबर ठिकाणी. काय पाहावं, काय विचारावं हे या दोन्हींतून कळलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रेतेश म्हणजे जर्मन बोलणारे ज्याला श्ट्रुडेल म्हणतात तोच पदार्थ. हंगेरियन भाषेत 'रेतेग' म्हणजे थर. त्यावरून रेतेश, म्हणजे पदरांचा. कागदाहून पातळ पारी, तिच्यात सफरचंद, आंबट चेरी, खसखस, दह्याच्या चक्क्यासारखं तूरो किंवा चक्क कोबी घालून केलेली गुंडाळी भाजली की बाहेरून पापुद्रे सुटतात आणि आतून ती ओलसर राहते. १५४१ ते १६८६ बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होतं. पातळ पारीचे थर रचण्याची कला तिकडून या भागात आली असं मानतात. श्ट्रुडेलची १६९६ सालची हस्तलिखित कृती व्हिएन्नात जपलेली आहे. पण पारीला जे पीठ लागतं, त्यात हंगेरीच्या मोठ्या मैदानाचा हात कोणी धरू शकत नाही. तिथल्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात पिकणाऱ्या गव्हाला चिकटपणा भरपूर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्ट हे जगातल्या सर्वांत मोठ्या पीठगिरण्यांच्या शहरांपैकी एक झालं, ते याच गव्हावर.

माझी आजी खानदेशातली. सैल, तार सुटलेली कणीक ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची. मांडे करणाऱ्या बाईचे हात ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना रेतेशचं टेबल परकं वाटणार नाही. मांडा हातावर वाढतो, रेतेश टेबलावर अंथरलेल्या कापडावर वाढतो, पण मनगटाची चाल तीच. म्हणून आपल्या लोकांना मी आधी हाच पदार्थ सुचवते.

दोबोश नको, आधी रेतेश

हंगेरीत गोड पदार्थांचे वर्ग अनेक प्रकारचे मिळतात, त्यामुळे निवडताना गोंधळ होतो. योझेफ दोबोश यांनी १८८४ साली घडवलेला आणि १८८५ च्या बुडापेस्टच्या राष्ट्रीय प्रदर्शनात मांडलेला दोबोश केक जगप्रसिद्ध आहे: स्पंजचे पातळ थर, मध्ये चॉकलेट आणि लोण्याचं क्रीम, वर कडक कॅरॅमलचा तुकडा. १९०६ मध्ये त्यांनी आपली कृती तिथल्या मिठाईकारांच्या संघटनेच्या स्वाधीन केली, तोवर ती गुपित होती. चवीला हा केक फार सुंदर आहे. पण तो बऱ्याच अंड्यांचा, वेळखाऊ, आणि त्यातलं कौशल्य केक भाजण्याचं. ते तुम्ही आपल्या गावातही शिकू शकता.

क्युर्तोशकॉलाच, म्हणजे लाकडी दांड्याला कणकेची पट्टी गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजलेला पोकळ नळकांड्यासारखा गोड पाव, मुलांना फार आवडतो. मूळचा तो ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन भाषकांचा. लहान मुलं बरोबर असतील तर त्याचा तासाभराचा वर्ग छान. नाताळाच्या सुमारास बेइग्ली शिकवतात, अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरलेली घट्ट वळकटी. ज्यू स्वयंपाकातली फ्लोद्नी ही सफरचंद, अक्रोड, खसखस आणि आलुबुखाराच्या जॅमचे थर एकावर एक रचून करतात. ती शिकायला मिळाली तर सोडू नका, फक्त तिच्यासाठी अर्धा दिवस ठेवा.

रेतेशची गोष्ट वेगळी. त्याची कृती कुठेही वाचायला मिळेल, पण पारी किती ओढायची आणि कधी थांबायचं हे हाताला कळावं लागतं. ते शेजारी उभं राहून कोणीतरी दाखवलं तरच कळतं.

वर्ग निवडताना विचारायचा पहिला प्रश्न

पहिल्यांदा मी जो वर्ग लावला तिथे टेबलावर तयार पारीचं पाकीट ठेवलेलं होतं. हंगेरीत दुकानात 'रेतेशलॉप' नावाने तयार पाऱ्या मिळतात, घरोघरी लोक त्या वापरतात, त्यात काही वाईट नाही. पण मी हजारो किलोमीटरवरून सारण भरून गुंडाळी करायला गेले नव्हते. दीड तासात सगळं आटोपलं आणि मी हिरमुसून बाहेर पडले. चूक माझीच होती, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक छोटा ईमेल पाठवा आणि त्यात सर्वांत आधी हे विचारा: पीठ भिजवण्यापासून पारी ओढण्यापर्यंत सगळं आम्ही स्वतः करणार का? की तयार पारी असेल? की शिक्षक ओढून दाखवतील आणि आम्ही पाहणार? उत्तर मोघम आलं तर दुसरीकडे बघा.

त्यानंतर एका टेबलाभोवती किती जण असतील ते विचारा. मोठी पारी चार ते सहा जणांनी मिळून ओढायची असते, ते ठीकच आहे, किंबहुना त्यातच मजा आहे. पण बारा-पंधरा जण असले तर तुमच्या वाट्याला एक कोपरा येतो. वर्ग कोणत्या भाषेत हेही विचारा, कारण स्थानिक लोकांसाठीचे बरेच वर्ग फक्त हंगेरियनमध्ये चालतात. कृती लेखी मिळेल का, आणि उरलेलं बांधून देतील का, हेही त्याच ईमेलमध्ये उरकून घ्या.

साधारणपणे तीन ठिकाणी हे शिकता येतं. रेतेशच्या खास उपाहारगृहांत, तिथे तास-दीड तासात काम होतं आणि वातावरण हसतंखेळतं असतं. स्वयंपाकाच्या शाळांत, तिथे बाजारफेरी आणि वर्ग असं जोडून असतं आणि अर्धा दिवस जातो. आणि कुणाच्या तरी घरच्या स्वयंपाकघरात. माझं मत विचाराल तर घरचं स्वयंपाकघर. टेबल लहान असतं, भांडी रोजच्या वापरातली असतात, आणि तुमच्या घरातल्या ओव्हनमध्ये काय जमेल याचं खरं उत्तर तिथेच मिळतं.

आपल्या पारपत्रावर हंगेरीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. व्हिसा हातात येण्याआधी वर्ग ठरवत असाल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असाच घ्या.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथेच आपली माणसं फसतात. पारंपरिक रेतेशच्या पारीत 'झीर' घालतात. झीर म्हणजे डुकराची चरबी. पारी ओढून झाल्यावर तिच्यावर शिंपडायलाही बऱ्याचदा तीच. पदार्थ सफरचंदाचा म्हणून शाकाहारी, असं गृहीत धरू नका. आणि हंगेरीत एखाद्याला 'मी शाकाहारी' एवढंच सांगितलं तर तो मांस घालणार नाही, पण पिठातली चरबी त्याच्या लक्षातही येणार नाही. तिथल्या जुन्या पिढीसाठी ती आपल्या मोहनासारखी आहे.

ईमेलमध्ये स्पष्ट लिहा की चरबीऐवजी लोणी किंवा सूर्यफुलाचं तेल वापराल का. पदार्थ अजिबात बिघडत नाही आणि बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात. अंडंही चालत नसेल तर तेही आधीच लिहा. पारीत अंडं एखादंच असतं आणि त्याशिवायही पारी उत्तम ओढली जाते. तूरोच्या सारणात मात्र अंडं हमखास असतं, म्हणून सफरचंद किंवा खसखस निवडा.

तिथे उभं राहून विचारायची वेळ आली तर 'झीर वॉन बेन्ने?' म्हणजे यात चरबी आहे का. 'तोयाश वॉन बेन्ने?' म्हणजे यात अंडं आहे का. 'इगेन' म्हणजे हो, 'नेम' म्हणजे नाही. लोणी म्हणजे 'वॉय', तेल म्हणजे 'ओलॉय'. हे चार-पाच शब्द बाहेर दुकानात पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, किंवा इतर खारे पदार्थ घेतानाही उपयोगी पडतात, कारण पोगाचातसुद्धा झीर असते.

एक सूचना: घरचं तूप सोबत नेऊन 'हे वापरा' म्हणावं, असं मनात आलं तर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत आणायला मनाई आहे, तूपही त्यात आलं.

दिवस, वेळ, पत्ता

पोहोचल्याच्या दिवशी वर्ग ठेवू नका. झोप झालेली नसताना पारी ओढली तर ती फाटते, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचा ठेवा आणि न्याहारी हलकी करा, कारण शेवटी जे भाजलं जाईल ते तिथेच बसून गरम गरम खायचं असतं.

१५ मार्च, २० ऑगस्ट आणि २३ ऑक्टोबर हे तिथले राष्ट्रीय दिवस, तेव्हा दुकानं बंद असतात. २४ डिसेंबरला शहर जवळजवळ मिटतं आणि पुढचे दोन दिवस तसंच असतं. ऋतूप्रमाणे सारण बदलतं. जून-जुलैमध्ये 'मेड्य', म्हणजे आंबट चेरी, ताजी मिळते. माझ्या मते रेतेशसाठी तिच्यासारखं फळ नाही. शरद ऋतूत सफरचंद, आणि किसलेला भोपळा घालून केलेली खसखशीची गुंडाळी.

पत्त्यात 'उत्सॉ' म्हणजे रस्ता, 'तेर' म्हणजे चौक. बुडापेस्टच्या चार आकडी पिनकोडमधले मधले दोन आकडे विभाग दाखवतात: १०५१ म्हणजे पाचवा विभाग, १०७५ म्हणजे सातवा. जुन्या इमारतींत मजले मोजताना सांभाळा. तळमजला 'फोल्दसिंत', त्यावर कधीकधी 'फेलएमेलेत' नावाचा अर्धा मजला, आणि मग कुठे पहिला. घरगुती वर्गाला जाताना दाराच्या घंटीचा नंबर किंवा आडनाव आधी मागून घ्या, कारण खाली दरवाजा कुलूपबंद असतो. हंगेरियन लोक आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं.

मेट्रो किंवा ट्रामचं कागदी तिकीट घेतलं तर यंत्रात पंच करायला विसरू नका. पंच न केलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच.

ओट्यापाशी

बाह्या वर करता येतील असे सुती कपडे घाला. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर आत सरकवा. नखं आदल्या दिवशीच कापा. माझ्या दुसऱ्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी दारातच सगळ्यांचे हात उलटे करून तपासले होते, आणि माझ्या अनामिकेवरच्या अंगठीकडे बोट दाखवून मान हलवली होती. वयस्कर स्त्रीला तिथे नावापुढे 'नेनी' लावून हाक मारतात, पुरुषाला 'बाची'. आपल्या मावशी आणि काकांसारखंच. मीही त्यांना नेनी म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला.

पीठ भिजवणं ओळखीचं वाटेल. अर्धा किलो पिठाला एक अंडं, चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर मीठ, दोन-तीन चमचे तेल किंवा वितळलेली चरबी आणि कोमट पाणी. व्हिनेगरमुळे पीठ सैलावतं आणि ओढताना तुटत नाही. पाणी पावशेराहून थोडं जास्त लागतं, पण आकड्याकडे न बघता हाताकडे बघा. पुरणपोळीच्या कणकेइतकं मऊ हवं, पण तेल जिरवत बसायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं मळायचं, आणि अधूनमधून गोळा उचलून फळीवर आपटायचा. आपल्याकडे पुरणपोळीची कणीक तिंबतात ना, तेच. गोळ्याच्या अंगावर बारीक फोड दिसायला लागले, बोटाला चिकटेनासा झाला, की झालं.

मग त्याला तेलाचा हात लावायचा आणि कोमट केलेलं पातेलं वर पालथं घालायचं. निदान अर्धा तास. या अर्ध्या तासात सारण होतं. सफरचंद किसून घट्ट पिळून काढतात, त्यात साखर, दालचिनी, अक्रोडाची भरड. खसखस तिथे निळसर करड्या रंगाची असते आणि नेहमी दळूनच वापरतात: साखर, किसलेली लिंबाची साल, बेदाणे, कधी थोडं दूध. चव आपल्या अनारशावरच्या खसखशीपेक्षा खोल, किंचित कडसर. कोबीचा रेतेश साखर आणि भरपूर मिरपूड घालून परतलेल्या कोबीचा असतो. ऐकायला विचित्र वाटतो, पण खाऊन बघाच.

आता खरं काम. टेबल चारही बाजूंनी फिरता येईल असं मोकळं असतं. त्यावर सुती कापड, कापडावर पिठी भुरभुरलेली. गोळा मध्ये ठेवून ताटाएवढा लाटतात आणि वरून हलका तेलाचा हात फिरवतात. इथून पुढे लाटण्याला काम नाही.

दोन्ही हात मुठी मिटून, पालथे, पारीखाली मध्यापर्यंत सरकवा. बोटांची टोकं वर येऊ देऊ नका, बोट लागलं की भोक पडतं. मग हाताच्या पाठीवर पारी उचलून बाहेरच्या बाजूला सरकत या. ओढायचं म्हणजे हिसका द्यायचा नाही, हात मागे घेत पारीला आपल्या वजनाने येऊ द्यायचं. एक ओढ झाली की एक पाऊल सरकायचं आणि पुढची. असं टेबलाभोवती फिरत राहायचं. दोन फेऱ्यांत पारी टेबलाच्या कडेपर्यंत येते, तिसऱ्या फेरीत कडेवरून खाली लोंबायला लागते, आणि तिचं वजनच तिला आणखी ताणतं. खालच्या कापडाची नक्षी दिसायला लागते. पारीखाली प्रेमपत्र ठेवलं तर वाचता आलं पाहिजे, असं तिथल्या बायका सांगतात.

इथे नवशिक्यांच्या तीन चुका होतात. पहिली, घाबरून लवकर थांबणं. जाड पारीचा रेतेश भाजल्यावर चिवट लागतो. दुसरी, एकाच जागी ओढत राहणं. मध्यभाग पातळ होतो आणि बाजूला जाड पट्टे उरतात. जिथे पांढुरकं दिसतं तिथे जाड आहे, तिथे हात न्या. आणि तिसरी, भोक पडलं की ते चिमटीने जोडत बसणं. जोडल्याने तिथे गाठ होते. लहान भोकं तशीच सोडा, गुंडाळल्यावर ती कुठल्या कुठे झाकली जातात. माझ्या पारीला पाच भोकं पडली होती आणि भाजल्यावर एकही सापडलं नाही.

टेबलाच्या कडेबाहेर लोंबणारी जाड किनार हाताने किंवा सुरीने सगळीकडून काढून टाकतात. पारी पाच-सात मिनिटं तशीच सुकू देतात, पण कुरकुरीत होईपर्यंत नाही. हात लावल्यावर चिकटली नाही की पुरे. मग वितळलेलं लोणी किंवा चरबी शिंपडतात. जुन्या घरांत यासाठी हंसाच्या पिसांचा झुबका असतो. तो फिरताना पारीला अजिबात धक्का लागत नाही. संधी मिळाली तर तो हातात घेऊन बघा.

त्यावर भाजलेला ब्रेडचा चुरा किंवा रवा भुरभुरायचा. तो सारणाचं पाणी पितो. हे विसरलात तर तळाची पारी लगदा होईल. सारण एका कडेला लांब ओळीत पसरायचं, दोन्ही टोकं आत दुमडायची, आणि कापडाची ती बाजू उचलायची. गुंडाळी आपोआप लोळत पुढे जाते. हा क्षण मला संपूर्ण वर्गात सगळ्यात जास्त आवडतो: इतका वेळ ज्याला श्वास लागला तरी फाटेल असं वाटत होतं, ते सगळं काही सेकंदांत एक भक्कम गुंडाळी होऊन बसतं. ट्रेच्या लांबीचे तुकडे करायचे, वरून लोण्याचा हात, २०० अंश सेल्सियसला साधारण अर्धा तास. वर पिठीसाखर, आणि कोमट असतानाच कापायचा.

भाजेपर्यंत तुम्हाला एखादा छोटा ग्लास पुढे केला जाईल. त्यात पालिंका असेल, फळांची कडक दारू. नको असेल तर 'कोसोनोम, नेम' म्हणा, म्हणजे 'धन्यवाद, नको'. कुणी वाईट वाटून घेत नाही.

काय लिहून घ्यायचं

फोटो आणि व्हिडिओ कुणीतरी दुसऱ्याने काढावेत, तुमचे हात पिठात असतील. लिहून घ्यायच्या गोष्टी थोड्या पण महत्त्वाच्या. हंगेरियन स्वयंपाकात वजन 'देका'त सांगतात. एक देका म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे 'पन्नास देका पीठ' हे अर्धा किलो. द्रव 'देत्सि'त, एक देत्सि म्हणजे १०० मिलिलीटर. हे न कळल्यामुळे लिहून घेतलेली कृती घरी आल्यावर कोड्यासारखी वाटते.

व्हिनेगर किती तीव्रतेचं, हे बाटलीवर बघा. तिथे घराघरांत १० टक्क्यांचं असतं, काही वेळा २० टक्क्यांचंही. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारं साधारण ४ टक्क्यांचं. त्यांच्या एका चमच्याला आपले दोन-अडीच चमचे घ्या आणि तेवढं पाणी कमी करा.

पिठाच्या पाकिटावर बीएल ५५ लिहिलेलं असलं तर ते नेहमीचं बारीक पीठ, आणि बीएफएफ ५५ म्हणजे 'रेतेशलिस्त', हाताला किंचित रवाळ लागणारं. ५५ हा आकडा पिठातल्या राखेचं प्रमाण सांगतो, ०.५५ टक्के. बरेच जण दोन्ही निम्मं-निम्मं घेतात. शिक्षकांनी कोणतं वापरलं ते विचारून ठेवा.

बाजारातून काय आणावं आणि काय आणू नये

फोवाम तेर चौकातला मोठा बंदिस्त बाजार १८९७ मध्ये उघडला. मेट्रोची चौथी लाइन, तसंच ४७ आणि ४९ नंबरच्या ट्राम तिथे थांबतात. रविवारी उघडा असतो का ते आधी बघा. सकाळी लवकर गेलात तर स्थानिक लोक भाजी घेताना दिसतात, अकरानंतर फक्त आपल्यासारखे प्रवासी. वर्गाच्या आदल्या दिवशी इथे चक्कर मारली तर तूरो कसं दिसतं, मेड्य कोणती, दळलेली खसखस कशी विकतात हे सगळं कळतं आणि वर्गात प्रश्न चांगले सुचतात.

रेतेशलिस्तचं किलोभराचं पाकीट मी आणलं होतं आणि ते आणल्याचा आनंद झाला. बंद पाकीट असू द्या, सुटं नको.

खसखस मात्र परत आणू नका. आपल्यापैकी अनेक जण दुबईमार्गे परततात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगायला बंदी आहे. तिथे तो अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय आहे. अगदी पन्नास ग्रॅमची पुडीही बॅगेत ठेवू नका. खसखशीचं सारण भरलेला रेतेशही बुडापेस्टलाच संपवा. घरी नेण्यासाठी सफरचंदाचा किंवा अक्रोडाचा घ्या, तोही निघायच्या दिवशीचा.

घरी परतल्यावर

पंधरा दिवसांच्या आत एकदा करा. त्यानंतर हात विसरायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

पाव किलो मैद्यापासून सुरुवात करा, अर्धा किलो नको. आपल्या घरातलं चार जणांचं जेवणाचं टेबल त्याला पुरतं. मैदा, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे तेल, दोन छोटे चमचे व्हिनेगर आणि सव्वाशे मिलिलीटर कोमट पाणी. गरज वाटली तर पाणी चमच्या-चमच्याने वाढवा. अंडं घातलं नाही तरी चालतं. कणीक जास्त वेळ मुरू द्या, तासभर. आपल्याकडचा मैदा तिथल्या पिठाएवढा ताणला जात नाही, तेव्हा पहिल्याच वेळी अक्षरं दिसली नाहीत तर खट्टू होऊ नका. चरबीऐवजी साजूक तूप वापरा. खरं सांगते, तुपाचा रेतेश मला तिथल्यापेक्षा जास्त आवडतो.

टेबलावर घालायला धोतराचं जुनं पान किंवा धुऊन मऊ झालेली सुती साडी सर्वांत उत्तम. नवं कापड पारीला धरून ठेवतं. पारी ओढताना पंखा बंद करा, नाहीतर एक बाजू सुकून तडकते आणि दुसरी ओलीच राहते. मुंबईच्या पावसाळ्यात उलट, पारी सुकायला वेळ लागतो, तेव्हा ओढून झाल्यावर पंखा मंद लावला तरी चालेल.

तूरोऐवजी चक्का रात्रभर टांगून अगदी कोरडा करा आणि त्यात निम्मं कुस्करलेलं पनीर मिसळा. नुसत्या चक्क्याचं सारण पातळ होतं, नुसतं पनीर फिकं लागतं. मेड्यला आपल्याकडे जोड नाही. मी आंबट हिरवी सफरचंदं घेते, किंवा सीझनमध्ये जांभळाच्या गराला थोडी साखर लावून. भोपळ्याच्या जागी किसून पिळलेला दुधी. तिथला कोवळा भोपळा चवीला त्याच्या जवळ जातो, आणि खसखशीबरोबर दुधी इतका जमतो की पाहुण्यांना ओळखता येत नाही. आपली पांढरी खसखस कोरडीच मंद भाजून लगेच दळा आणि त्याच दिवशी वापरा. दळून ठेवली की लवकर कडू होते.

लहान ओटीजी असेल तर गुंडाळी घोड्याच्या नालेसारखी वाकवून ट्रेमध्ये बसवा. तापायला पूर्ण पंधरा मिनिटं द्या. वरची बाजू लवकर काळी पडते, म्हणून ट्रे खालच्या खाचेत ठेवा.

कापून टाकलेली जाड किनार फेकू नका. तिचा पुन्हा गोळा करून अर्धा तास झाकून ठेवा, बारीक शंकरपाळ्या कापून तळा आणि वर पिठीसाखर भुरभुरा. आणि रेतेश उरला तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पापुद्रे रबरासारखे होतात. तवा मंद तापवून त्यावर पाच मिनिटं, एकदा उलटून, झाकण न ठेवता.